विचारल्याशिवाय वेळ न सांगणारी घड्याळं



आज एक कोडं घालते. चालू असूनही बंद दिसतं, असं घड्याळ कोणतं? त्याला काटे नाहीत, टिकटिक नाही. काच गडद लाल, जवळजवळ काळीच. त्या काचेत तुम्हांला तुमचं नाक दिसेल, पण वेळ दिसणार नाही. मात्र बाजूचं बटण दाबलंत, की आतून लालभडक आकडे उजळतात. वाचून होतात न होतात तोच विझतातसुद्धा! पुन्हा वेळ बघायची आहे? पुन्हा बटण दाबा.

हे एल.ई.डी. घड्याळ. तुमच्या आईबाबांनी नसेल, पण आजोबांनी कदाचित पाहिलं असेल. साधारण १९७२ पासून १९८० पर्यंत, एवढाच काय तो त्याचा जमाना. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि गेली पंधरा-सोळा वर्षं ही घड्याळं जमवते. माझ्याकडे अकरा आहेत. त्यांतली पाच पेटतात, सहा पेटत नाहीत. आमच्या घरी या छंदाला 'बाईंचं भंगार' म्हणतात. म्हणू देत!

एल.ई.डी. म्हणजे वीज दिली की प्रकाश देणारा बारीकसा खडा. आता घराघरांत एल.ई.डी.चे पांढरे दिवे आहेत, म्हणून तुम्हांला त्याचं काही वाटणार नाही. पण डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा पहिला एल.ई.डी. निक होलोन्याक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली तयार केला, तेव्हा ते मोठं नवल होतं. निळा एल.ई.डी. मनासारखा जमायला पुढे तीस वर्षं लागली. तो जमवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. निळ्याशिवाय पांढरा प्रकाश करता येत नव्हता. म्हणूनच त्या काळातली घड्याळं बहुतेक सगळी लाल डोळ्यांची.

मला हा नाद लागला जळगावात. डी.एड. झालं होतं, नोकरीची वाट बघत घरी बसले होते. वडिलांचं एच.एम.टी.चं चावीचं घड्याळ बंद पडलं, ते घेऊन एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेले. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालचं एक टेबल. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळ उघडत होते आणि मी त्यांच्या पत्र्याच्या डब्यात डोकावत होते. डब्यात निकामी घड्याळांचा ढीग. त्यात एक विचित्रच दिसलं. काटे नाहीत, आकडे नाहीत, नुसती लाल काच. "हे काय आहे, काका?" मी विचारलं.

"ते होय? बटणाचं घड्याळ. ते दुरुस्त होत नाही, पोरी. त्याला चाक नाही, स्प्रिंग नाही. मी दुरुस्त तरी काय करू?"

दहा रुपयांना त्यांनी ते मला देऊन टाकलं. ते आजही पेटत नाही. पण चाळीस वर्षं घड्याळं उघडणाऱ्या माणसाला ज्यात हात घालता येत नाही, त्यात आहे तरी काय, हे मला कळून घ्यायचं होतं. पुढे धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात नोकरी लागली. जळगावहून धुळ्याला येताजाता एरंडोल, पारोळा असं प्रत्येक गाव लागतं. जिथे उतरायला मिळेल तिथे घड्याळाचं दुकान शोधायचं आणि विचारायचं, "जुनं बटणाचं घड्याळ आहे का हो?" दहातले नऊ जण नाही म्हणायचे. दहावा डबा काढायचा.

आता त्यात काय आहे ते सांगते.

आत गारगोटीच्या जातीचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, एक चिमुकला तुकडा असतो. वीज दिली की तो थरथरतो, एका सेकंदात नेमका ३२,७६८ वेळा! हाच विचित्र आकडा का निवडला असेल? तुम्हीच करून बघा. ३२,७६८ चे निम्मे करा, त्याचे पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे. बरोबर पंधरा वेळा निम्मे केलं की उत्तर येतं १. म्हणजे सेकंदाला एक ठोका! हे निम्मे करण्याचं काम आतली चिप करते. माझ्या चौथीच्या वर्गाने फळ्यावर हे गणित केलं, तेव्हा शेवटचा १ आल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भागाकाराला टाळ्या मिळालेल्या मी त्या एकदाच पाहिल्या.

इथपर्यंत सगळं ठीक. खरी अडचण पुढे आहे. क्वार्ट्‌झ आणि चिप यांना वीज अगदी थोडी लागते, पण लाल आकडे भारी खादाड! आकडे सतत पेटते ठेवले, तर शर्टाच्या गुंडीएवढे ते दोन सेल किती टिकणार? दिवससुद्धा पुरता टिकायचे नाहीत. मग करायचं काय? आकडे विझवून ठेवायचे आणि कोणी विचारलं तरच पेटवायचे. म्हणून ते बटण.

मी जी चमत्कारिक घड्याळं शोधत फिरते ना, ती सगळी या एका अडचणीची निरनिराळी उत्तरं आहेत. एकच गणित वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस तऱ्हांनी सोडवावं, तसं.

अगदी पहिलं उत्तर अमेरिकेतल्या हॅमिल्टन कंपनीचं. घड्याळाचं नाव पल्सर. पल्सर म्हटलं की तुम्हांला मोटारसायकल आठवेल, पण हे नाव आलं ताऱ्यावरून. पल्सर हे तारे ठरावीक वेळाने रेडिओलहरींचे ठोके देतात. १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला पहिल्यांदा त्यांचा सुगावा लागला. आपल्या नारायणगावजवळ खोडद इथे मोठाल्या तबकड्यांची जी दुर्बीण आहे, तिच्यातूनही या ताऱ्यांचा अभ्यास होतो. तर हे पल्सर घड्याळ १९७० साली जाहीर झालं आणि ४ एप्रिल १९७२ ला विक्रीला आलं. अठरा कॅरट सोन्याचं, किंमत २,१०० डॉलर. त्या वेळच्या दराने पंधरा हजार रुपयांहून जास्त! पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या सिनेमात ते त्याच्या मनगटावर झळकलं.

मला त्याच्या सोन्याचं काही वाटत नाही. मला आवडते ती त्याची वेळ लावण्याची तऱ्हा. वेळ मागेपुढे करायला त्याला चावी नव्हती. पट्ट्याच्या कडीत एक बारीक लोहचुंबक लपवून ठेवलेला असे. तो काढायचा, घड्याळाच्या पाठीवरच्या खाचेत धरायचा, की आकडे पुढे सरकत. शिवाय बाहेर किती उजेड आहे हे ते स्वतः ओळखायचं. उन्हात आकडे जास्त उजळायचे, अंधारात मंद व्हायचे. अंधारात उगीच वीज कशाला उधळायची? पल्सर माझ्याकडे नाही. शिक्षिकेच्या पगारात ते बसतही नाही. पण त्याची चित्रं मी इतक्या वेळा पाहिली आहेत की वहीत न बघता काढून दाखवीन.

मग एकेकाने डोकं चालवलं. काही घड्याळांत बटणच काढून टाकलं. मनगटाला झटका दिला की आकडे पेटत. कल्पना छान, पण टाळ्या वाजवल्या, भांडी घासली, तरी पेटत असतील ना? बुलोव्हा कंपनीने १९७६ साली काँप्युट्रॉन काढलं. त्याची काच वरच्या बाजूला नसून समोरच्या उतरत्या कडेला होती. मोटार चालवताना हात स्टिअरिंगवर असतो. मनगट न वळवता वेळ दिसावी, म्हणून ही रचना. त्याला ड्रायव्हरचं घड्याळ म्हणतात. त्याच घाटाचं, नाव नसलेलं एक घड्याळ माझ्याकडे आहे आणि ते पेटतं. मी ते हातात घालून स्कूटी चालवून पाहिली. वेळ दिसते खरी, पण बटण दाबायला दुसरा हात लागतोच! मग काय उपयोग, सांगा?

इंग्लंडमध्ये सिंक्लेअर नावाच्या कंपनीने १९७५ साली काळं, चपटं, दिसायला फार सुरेख घड्याळ काढलं. घरी बसून स्वतः जोडा, असे सुटे भागही ते विकत. पण त्याचे सेल दहा-बारा दिवसांत संपत. थंडीत त्याची चाल वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. आणि नायलॉनचा सदरा घातला, तर कपड्यांवरच्या स्थिर विजेने चिप जळून जाई! कंगवा डोक्यावर घासून कागदाचे कपटे उचलता ना, तीच ही वीज. लोकांनी ढिगांनी घड्याळं परत पाठवली. हे घड्याळ मला एकदा तरी हातात धरून बघायचं आहे. न चालणारं असलं तरी चालेल. एवीतेवी ते चालत नव्हतंच!

आणि १९७७ चं ह्यूलेट-पॅकार्डचं घड्याळ तर अजबच. त्यात वेळेबरोबर गणकयंत्रही होतं. मनगटावर अठ्ठावीस कळा! त्या इतक्या बारीक, की बोटाने दाबायच्या कशा? तर पट्ट्याच्या कडीत एक इवलीशी काडी खोचून दिलेली असायची.

एवढी हुशारी लढवली, आणि झालं काय? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९७६ मध्ये प्लॅस्टिकचं एल.ई.डी. घड्याळ वीस डॉलरना आणलं आणि पुढच्या वर्षी दहा डॉलरना. पाच वर्षांत २,१०० वरून १०! त्याच सुमारास दुसऱ्या जातीचे आकडे पुढे आले, एल.सी.डी.चे. राखाडी काचेवर काळे आकडे, जे तुम्ही आजही बघता. हे आकडे स्वतः उजेड देत नाहीत. बाहेरचा उजेड कुठे अडवायचा, एवढंच काम करतात. त्यामुळे लाल आकड्यांच्या हजारो पट कमी विजेत भागतं आणि वेळ दिवसभर समोर राहते. बटण नको, झटका नको. अडचणच उरली नाही, तिथे उत्तरांना कोण विचारतो? १९८० येईतो जवळजवळ सगळ्यांनी लाल घड्याळं करणं सोडून दिलं.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला होता. घराघरांत त्याचीच चावीची घड्याळं. (हा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता त्या घड्याळांचेही संग्राहक झाले आहेत!) परदेशी घड्याळ सहज मिळत नसे. कोणी आखाती देशातून आणायचं, कोणी मुंबईच्या बाजारात चोरट्या वाटेने आलेलं विकत घ्यायचं. आपल्या खानदेशात लाल आकडे आले ते असेच. म्हणून माझ्या अकरांतल्या सातांवर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. आणि गंमत सांगू? मला तीच जास्त आवडतात. नाव नाही, त्यामुळे प्रत्येकाचा पत्ता आपणच शोधायचा.

आता वहीची गोष्ट. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले आणि लगेच १९२७ मध्ये हे मंडळ सुरू झालं. कोणाच्या माळ्यावर जुनी दप्तरं पडली आहेत असं कळलं, की राजवाडे तिथे जात. अशा कागदपत्रांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथाचे बावीस खंड झाले. घड्याळं म्हणजे काही मोठी दप्तरं नव्हेत, पण तिथली जुनी कागदपत्रं पाहून आल्यावर मी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली. प्रत्येक घड्याळाला एक पान. कोणाकडून मिळालं, कुठे, किती रुपयांना, ते कोणाच्या हातात होतं, पेटतं की नाही. घड्याळ मेलेलं असलं तरी पान भरायचंच.

ही घड्याळं मी अधूनमधून वर्गात नेते. इंग्रजी आठचा आकडा आठवा. त्याच्या सात काड्या असतात. त्या सात काड्यांतल्या काही पेटवून बाकीचे सगळे आकडे होतात. एकाला दोन काड्या, साताला तीन, आठाला सातही. पोरांना मी आगपेटीच्या काड्या दिल्या (गुल काढून, बरं का!) आणि विचारलं, बारा तासांच्या घड्याळात सगळ्यात जास्त काड्या कोणत्या वेळेला लागतात? म्हणजे घड्याळाला सर्वांत महाग वेळ कोणती? बराच गोंधळ झाला. मग एका मुलीने शोधून काढलं, दहा वाजून आठ मिनिटं. एकवीस काड्या. आणि सर्वांत स्वस्त, एक वाजून अकरा मिनिटं. फक्त सहा! तुम्हीही मांडून बघा. एकाने आपले मराठी आकडे काड्यांत बसवायला घेतले. तासभर खटपट केली, पण सात काड्यांत आपला एक काही वळेना आणि नऊ काही फिरेना. "मॅडम, आपले आकडे वाकडे आहेत," असा त्याने निकाल दिला. मी म्हटलं, "वाकडे नाहीत रे, वळणदार आहेत!"

दुसरी एक गंमत अंधारात करायची. घड्याळाचं बटण दाबून धरायचं आणि डोळ्यांसमोरून हात झरझर फिरवायचा. सरळ दिसणारे आकडे तुटून पुढेमागे झालेले दिसतात. याचं कारण, चारही आकडे एका वेळी पेटलेले नसतातच. वीज वाचवायला आणि तारा कमी लागाव्यात म्हणून ते एकामागून एक पेटतात, इतक्या वेगाने की आपला डोळा फसतो.

या वर्गातल्या घड्याळांमुळेच पुढचं घडलं.

चौथीतला एक मुलगा, त्याचं नाव सांगत नाही, एके दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला. कंपासपेटी उघडली. आत रुमालात गुंडाळलेलं घड्याळ. "मॅडम, मन्हा आजानी घडी शे. तुमना साठे लई उनू."

लाल काच, स्टीलचा पट्टा, एक बटण. नाव नाही. मागचं झाकण घट्ट, म्हणजे कोणी उघडून छेडछाड केलेली नाही. असं न बिघडवलेलं घड्याळ मला चार वर्षांत मिळालं नव्हतं. मी विचारलं, "घरी विचारून आणलंस का?" तो गप्प. आजोबा वारून दोन वर्षं झाली होती. भंगारवाला दारावर आला होता, त्याने घड्याळाचे पन्नास रुपये सांगितले होते. ते भंगारात जाण्यापेक्षा मॅडमकडे जावं, असा त्याचा हिशोब.

मुलांनो, खरं सांगते, ते घड्याळ ठेवून घ्यावं असं मनात आलंच. मुलगा खूश झाला असता, घरचे काही बोलले नसते, आणि माझ्या वहीचं बारावं पान भरलं असतं. पण त्या पानावर लिहिणार काय? 'कोणाकडून मिळालं' यापुढे मुलाचं नाव लिहायचं, की त्याच्या आजीचं? शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले.

आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. घड्याळ पाहिल्यावर त्यांचे हात थांबले. आजोबा ट्रक चालवायचे, हे कळलं तेव्हा माझ्या मनात आलं, चला, आता हे ड्रायव्हरचं घड्याळ निघणार! पण तसं काही नव्हतं. साधंच होतं ते. मुंबई-आग्रा रस्त्यावर आजोबांच्या फेऱ्या असायच्या. मुंबईला माल उतरवला आणि हातात पैसे होते, म्हणून घेतलं. आजी सांगत होत्या, गावातली माणसं बटण दाबायला घरी यायची. पोरांची तर रांग लागायची. आजोबांनी नियम केला होता, एकाने एकदाच दाबायचं. सेल मुंबईहून आणावे लागत.

"आणि मी रात्री दाबायची," आजी म्हणाल्या. आजोबांना पहाटे ट्रक घेऊन निघायचं असलं, की भाकरी टाकायला त्या लवकर उठायच्या. घरात वीज नव्हती. चिमणी पेटवली तर मुलं जागी व्हायची. आजोबांचा हात अंथरुणावर असायचा, त्यावरचं बटण त्या हळूच दाबायच्या. लाल आकडे दिसले की उठायचं की अजून पडायचं ते ठरवायचं. आजी शाळेत गेलेल्या नाहीत. इंग्रजी आकडे त्या त्याच घड्याळावर शिकल्या. चार आधी शिकल्या, म्हणाल्या, कारण चारला उठायचं असायचं.

मुलाचे वडील शेतातून आले. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, याचे किती येतील?" मीही सरळ सांगितलं. नावाचं घड्याळ नाही, त्यामुळे हजारो येणार नाहीत. मी स्वतः आजवर दहा रुपयांपासून पंधराशेपर्यंत दिले आहेत. याचे हजार देईन, आणि ती किंमत वाजवी आहे. भंगारवाल्याचे पन्नास मात्र वाजवी नाहीत. त्यांनी थोडा वेळ विचार केला. आजींकडे पाहिलं. आजी शेंगा फोडत होत्या. "राहू द्या," ते म्हणाले.

मग मी म्हटलं, विकू नका, पण आठ दिवस मला द्या, पेटतं का बघते.

धुळ्यात पाच कंदील भागात एक घड्याळजी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी झाकण उघडलं. आतले सेल फुटून हिरवा थर जमला होता. कापसाला लिंबाचा रस लावून त्यांनी तो हळूहळू पुसला, पत्र्या घासल्या, नवे दोन सेल बसवले. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा घासलं. पुन्हा काही नाही. चिप मेली असेल तर इलाज नसतो, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी चिमट्याने एक पत्री केसभर वाकवली आणि आकडे उजळले. एकच खोट राहिली. शेवटच्या आकड्याची मधली काडी पेटत नाही. त्यामुळे आठाचं शून्य दिसतं.

पुढच्या शनिवारी मी घड्याळ घेऊन गेले. आजींनी बटण स्वतः दाबलं.

"पेटनी व माय, पेटनी!" घरभर ऐकू जाईल एवढ्याने त्या ओरडल्या. शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या. त्यांनाही दाबायचं होतं. नियम तोच, एकीने एकदाच.

घड्याळ त्यांच्याकडेच आहे. माझ्या वहीत मात्र बाराव्या पानावर त्याची नोंद आहे, आजींनी सांगितलेली सगळी हकिकत आहे आणि त्या मुलाने काढलेलं चित्र आहे. चित्रात वेळ चार वाजताची. ते पान भरून सांडलंय, कागद जोडावा लागला. बाकी अकरांतल्या एकाचीही इतकी माहिती माझ्याजवळ नाही.

तुमच्या घरी पेटीत, फडताळात असं एखादं लाल काचेचं घड्याळ असेल तर आधी घरच्या मोठ्यांना विचारा, ते कोणाचं होतं. मग ओळखीच्या घड्याळजींकडून त्याचे जुने सेल काढून घ्या. सेल आत राहिले की फुटतात आणि पत्र्या खाऊन टाकतात. स्वतः स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. आणि काढलेले सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. तो बारीक सेल पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं. घड्याळ पेटलं नाही तरी टाकू नका. त्याचे भाग दुसऱ्या एखाद्याला उपयोगी पडतात. माझं एक घड्याळ अशा तीन घड्याळांचं मिळून झालं आहे.

तो मुलगा आता पाचवीत आहे. मागच्या महिन्यात शाळेच्या फाटकाशी भेटला. सेल संपले, म्हणाला. मी वही काढून तारीख पाहिली. दहा महिने चालले होते. या जातीच्या घड्याळाला ते पुष्कळच झाले. "आजी जपून दाबतात वाटतं," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला, "रोज पहाटे एकदा. बाकीचं मी."